सातवा सांधा

निगा इचलकरंजीत आली तेव्हा भूपालआण्णा मगदूमांनी तिला दोन महिने दिले होते.

"असले प्रोग्रॅम लई आले आन् लई गेले," असं ते गावभागातल्या आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगायचे. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्याजोगं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी या गावातले कॉम्प्युटर दुरुस्त केले होते, आणि या गावातला कॉम्प्युटर हे साधं प्रकरण नव्हे. इथे दिवसभर माग चालतात, हवेत कापसाचा तूस तरंगतो, तो पंख्यात जाऊन बसतो आणि त्याची चांगली जाडजूड गादी तयार होते. एकदा पुण्याहून आलेल्या इंजिनियरनं एका मागवाल्याचा कॉम्प्युटर उघडला आणि आत उंदरानं घरटं केलंय असं समजून तो चार पावलं मागे सरला. आण्णांनी ते घरटं चिमटीत धरून बाहेर काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "घ्या, आमच्या गावची हवा," म्हणाले.

तर अशा गावात एक प्रोग्रॅम येणार, प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत बसणार, बिघाड स्वतःच शोधणार आणि स्वतःच बरा करणार, हे आण्णांना पटणं शक्यच नव्हतं. दोन महिने झाले. सहा झाले. मग एका सकाळी वाचनालयाचे ग्रंथपाल तारळेकर रिक्षात सर्व्हर घालून दुकानासमोर उतरले.

हा सर्व्हर आण्णांनी आठवड्यापूर्वीच हात टेकून परत पाठवला होता. तो चालू व्हायचा आणि दोन मिनिटांत मान टाकायचा. मदरबोर्ड म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या दहा-बारा थरांची चळत, आणि प्रत्येक थरात तांब्याच्या केसाएवढ्या रेघा. वरच्या थरातली रेघ तुटली तर सोल्डर मारून जोडता येते. आतल्या थरातली तुटली, तर तिथे माणसाचा हात पोचत नाही. या सर्व्हरची रेघ आत कुठेतरी तुटली होती.

तारळेकरांनी निगा पेन ड्राइव्हवर आणली होती, पण ती एकट्यानं चालू करायचा त्यांना धीर होईना. "तुमच्यासमोर लावू, आण्णा. काही जळलंच तर तुम्ही आहात."

पडद्यावर अक्षरं उमटली. 'थांबा. ऐकते आहे.'

"ऐकते?" आण्णा म्हणाले. "डाक्टरीण हाय काय ही?"

चाळीस सेकंद गेले. मग पडद्यावर मदरबोर्डचं चित्र आलं, त्याचे थर पोथीच्या पानांसारखे एकेक उलटत गेले, आणि नवव्या थरावर एक लाल ठिपका लागला. 'रेघेला भेग. रुंदी केसाच्या विसाव्या भागाइतकी. शेजारच्या मोकळ्या रेघेवरून वळसा घेते आहे.' सर्व्हर सुरू झाला. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. तारळेकरांनी ग्रंथयादी उघडून दाखवली.

त्यामागचं शास्त्र आण्णांनी नंतर वाचून घेतलं, कारण न वाचता त्यांना झोप लागली नसती. तारेतून पाठवलेला संदेश वाटेत भेग लागली की तिच्यावर आपटून थोडासा मागे फिरतो. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळानं आला त्यावरून पाणी किती खोल ते कळतं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथला प्रतिध्वनी सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही लवकर परततो. तो मोजायला पूर्वी कपाटाएवढं उपकरण लागायचं. गेल्या दहा वर्षांत बनलेल्या चिपांच्या प्रत्येक पायाशी मात्र एक इवलंसं घड्याळ असतं, आणि निगा अशी हजारो घड्याळं एकदम ऐकते. जगभरच्या कोट्यवधी यंत्रांचे प्रतिध्वनी तिनं ऐकलेले असल्यामुळे कोणता आवाज कोणत्या दुखण्याचा हे तिला पाठ आहे. आणि नव्या बोर्डांत मुद्दाम काही रेघा मोकळ्या सोडलेल्या असतात. ताण्यातला धागा तुटला की विणकर कडेचा जादा धागा ओढून गाठ मारतो, तशी ती संदेशाला दुसऱ्या वाटेनं नेते.

हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आण्णांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला आणि तो लाल ठिपका पुन्हा पाहिला. आपलं पोट मारणारी वस्तू समोर उभी आहे हे त्यांना कळत होतं, पण राग काही केल्या येईना. नवव्या थरात काय असतं हे बघायची हौस त्यांना ऐन विशीपासून होती, आणि आज कुणीतरी ते पानं उलटून दाखवलं होतं.

"तारळेकर," ते म्हणाले, "चहा घेऊनच जावा."

पुढच्या अडीच वर्षांत गावातली दुरुस्तीची नऊ दुकानं बंद झाली. आण्णांचं तेवढं उरलं, ते दुकानाची जागा स्वतःची होती म्हणून. येणारी कामं म्हणजे उंदरानं कुरतडलेल्या वायरी, मोडलेली बिजागरी, चहा सांडलेला कीबोर्ड. आण्णा ती मन लावून करायचे आणि उरलेल्या वेळात दुकानातल्या कॉम्प्युटरवर निगाची जुनी निदानं वाचत बसायचे, जसे निवृत्त तालीमबाज कुस्त्या बघत बसतात.

अशाच एका दुपारी मैथिली दाभोळे आली. निगा ज्या संस्थेनं घडवली, तिथे ती संशोधक होती, पुण्याची, तिशीतली. तिच्या हातात जेवायला बसायच्या पाटाएवढी एक जाड काळी फळी होती. त्या फळीला संस्थेत काही लांबलचक नाव होतं, पण सगळे तिला पाटच म्हणायचे. ज्या जुन्या बोर्डांत ती ऐकणारी घड्याळं नसतात, ते या पाटावर ठेवले की निगाला बाहेरूनही ऐकता येत होतं.

"काका, निगाला एक कोडं पडलंय," मैथिली म्हणाली. "आम्ही जिल्ह्यातली जुनी यंत्रं तपासतोय. या गावच्या हवेत कारखान्यात मारलेलं सोल्डर बारा-पंधरा वर्षांत तडकतं. पण इथल्या काही दुरुस्त्या पंचवीस वर्षं झाली तरी ठणठणीत आहेत. निगानं त्या वेगळ्या काढल्या. ती म्हणते, त्या सगळ्या दोनच हातांच्या आहेत."

"हातांच्या म्हंजे?"

मैथिलीनं समजावून सांगितलं. वितळलेलं सोल्डर, म्हणजे कथील, तांब्याला भिडलं की दोघांच्या मध्ये मिश्रधातूची एक पातळ साय धरते. सोल्डरचं तापलेलं आयर्न जितका वेळ टेकवाल तितकी ती साय जाड. पुन्हा वितळवलंत तर सायीवर साय. आयर्न कुठल्या बाजूनं उचललं, सावकाश की झटक्यात, हात कापत होता की नाही, हे सगळं त्या थेंबाच्या घडणीत कायमचं गोठून राहतं. एकाच घरातल्या दोन बायकांच्या भाकऱ्या जशा ओळखू येतात, तसे निगाला सांधे ओळखू येतात. नावं मात्र तिला ठाऊक नसतात. तिनं आकडे दिलेत.

"हात सतरा आणि हात तेवीस," मैथिली म्हणाली. "सतरा तुमचा असावा असा आमचा अंदाज आहे."

तिनं एक कोरा बोर्ड काढला. पहिला सांधा तिनं स्वतः मारला, पुढचे तीन आण्णांनी. बोर्ड पाटावर ठेवला. दुकानातल्या पडद्यावर ओळी आल्या.

'एक: अनोळखी हात. शिकाऊ.'

मैथिली हसली.

'दोन, तीन, चार: हात सतरा. हा हात मी चार हजार तीनशे बारा सांध्यांवर पाहिला आहे. त्यांतले नऊ निकामी झाले. अलीकडे तो किंचित उजवीकडे कलतो. वयामुळे असावे.'

आण्णांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. बायकोला कळलं नव्हतं, डॉक्टरला कळलं नव्हतं. त्यांना स्वतःला गेल्या दिवाळीपासून तेवढी शंका होती, आणि हिला तीन थेंबांत कळलं.

"संस्थेला हे दोन हात एका यांत्रिक हाताला शिकवायचे आहेत," मैथिली सांगत होती. "म्हणजे जिथे दुरुस्त करणारं कुणीच नाही, अशा डोंगरातल्या दवाखान्यांत वगैरे तो पाठवता येईल. पण कायद्यानं हात ज्याचा त्याची संमती लागते. हात तेवीस कुणाचा, काका? तुमचे आणि त्याचे सांधे कितीतरी बोर्डांवर शेजारी शेजारी आहेत."

"म्हाईत न्हाई," आण्णा म्हणाले.

ते खोटं होतं. हात तेवीस सलीमचा होता.

सलीम मोमीन विसाव्या वर्षी दुकानात आला आणि बारा वर्षं राहिला. आण्णांपेक्षा आठ वर्षांनी धाकटा. पहिली दोन वर्षं नोकर, नंतर भागीदार. आण्णांनी त्याला आयर्न धरायला शिकवलं आणि त्याबरोबर दुकानाचा रिवाजही शिकवला. एकमेकाचं कच्चं काम दिसलं तर गुपचूप पक्कं करायचं, बोलून दाखवायचं नाही, गिऱ्हाइकासमोर तर मुळीच नाही. कितीदा असं व्हायचं, की आण्णा जेवून येईपर्यंत त्यांचा एखादा घाईतला सांधा पुन्हा मारलेला असायचा. आणि सलीमचे आण्णांनी किती मारले असतील, त्याचा हिशोब कुणीच ठेवला नाही.

मग बावीस वर्षांपूर्वीचा तो मे महिना आला. रमजान ऐन उन्हाळ्यात होता. एका सायझिंग कारखान्यात, म्हणजे जिथे सुताला कांजी पाजतात तिथे, कांजीच्या कढईचं तापमान सांभाळणारा कॉम्प्युटर बंद पडला. दोघं गेले. कढयांच्या वाफेत उभं राहून त्यांनी एका चिपचे अकरा पाय पाळीपाळीनं नव्यानं सोल्डर केले, तपासले, यंत्र चालू केलं आणि घरी आले. तिसऱ्या दिवशी वाफेची झडप बंद व्हायची ती झालीच नाही. उकळती कांजी उतू गेली आणि महादू खोत नावाच्या कामगाराचा डावा हात कोपरापर्यंत भाजला.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. त्यानं डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "सातव्या पायाचं सोल्डर कच्चं वाटतंय." मालकानं विचारलं, सातवा कुणी मारला. आण्णांना आठवत होतं, त्या दुपारी सातव्या पायावर वाकलेला सलीम त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी तसं सांगितलं. एवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. पण मालक डोळे वटारून बघत होता, महादू दवाखान्यात होता आणि आण्णा भेदरले होते. ते पुढे म्हणाले, "रोजा हाय त्याचा. हात कापत हुता."

सलीमनं तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी त्यानं दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. तो हुपरीला चांदीच्या कामात लागल्याचं पुढे कानावर आलं. इचलकरंजीहून हुपरी काही लांब नाही. आण्णा बावीस वर्षांत एकदाही गेले नाहीत.

त्या कॉम्प्युटरचा बोर्ड मात्र आण्णांनी मागून घेतला होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून तो घरच्या कपाटात ठेवला होता. आपण खरं बोललो, याचा पुरावा असावा म्हणून. पण पुरावा ठेवला तरी जीव थाऱ्यावर नव्हता, हेही तितकंच खरं.

मैथिली येऊन गेली त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला, पद्माकाकूंना, सगळं सांगितलं. त्या भाकऱ्या थापत होत्या. ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "मग उद्या त्या पाटावर ठेवा की बोर्ड. एकदाचं कळू दे."

"सलीमचाच निघणार. मी बघितलाय त्याला."

"निघू दे. तुम्ही त्याच्या हाताचं बोललासा ते येगळं, आन् रोज्याचं बोललासा ते येगळं." त्यांनी हात थांबवला. "मी पर्युषणात उपास धरते. तेव्हा माझ्या हातची भाकरी कधी वाकडी झाली का हो?"

आण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. बावीस वर्षं ही गोष्ट त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच ताटात होती आणि त्यांना दिसली नव्हती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मैथिली आली तेव्हा डबा टेबलावर होता. आण्णांनी झाकण उघडलं. बोर्डावर कांजीचा पिवळट थर अजून वाळून बसलेला होता.

"हात तेवीस कोन ते मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "काल खोटं बोललो. आधी ह्यो बोर्ड ऐकवा तुमच्या निगाला. मग नाव सांगतो."

नाव न घेता त्यांनी त्या मे महिन्यात काय घडलं ते सांगितलं. मैथिलीनं बोर्ड ब्रशनं हलकेच साफ केला आणि पाटावर ठेवला. पडद्यावर आलं, 'थांबा. ऐकते आहे.' या वेळी चाळीस सेकंदांत भागलं नाही. दुकानाच्या मागच्या शेडमधले माग खडखडत होते. आण्णा पडद्याकडे बघायचं टाळून मागांचे ठोके मोजत बसले.

'पाय एक: हात सतरा. पक्का. पाय दोन: हात तेवीस. पक्का. पाय तीन: हात सतरा. पक्का.'

ओळ एकेक करून येत होती. चार, पाच, सहा. आण्णांना हातांची ती पाळी आठवली. एक माझा, एक तुझा. त्या हिशोबानं सातवा कुणाचा यायला हवा, हे त्यांना ओळ यायच्या आधीच कळलं.

'पाय सात: दोन हात. खाली हात सतरा. आयर्न लवकर उचलले, साय धरली नाही, सांधा कच्चा. त्यावर त्याच दिवशी हात तेवीस. संपूर्ण पुन्हा वितळवून पक्का केला. हात स्थिर. कंप आढळत नाही. सांधा आजही पक्का आहे.'

मैथिली वाचता वाचता पुढे झुकली.

'पाय आठ ते अकरा: पक्के. सर्व सांधे निर्दोष. बिघाड चिपच्या आत, अकराव्या पायामागे. भेग निर्मितीच्या वेळची आहे. उष्णतेने वाढली. बाहेरून दिसणे शक्य नव्हते.'

"पुन्हा ऐकवा तिला," आण्णा म्हणाले.

मैथिलीनं बोर्ड फिरवून पुन्हा ठेवला, मग तिसऱ्यांदा ठेवला. तिन्ही वेळा त्याच ओळी आल्या.

"काका, म्हणजे दुरुस्तीत काहीच चूक नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही दोघंही सुटलात."

शेंगदाण्याएवढ्या त्या चिपच्या पायाशी, खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेत ती अख्खी दुपार गोठून राहिली होती. त्यांची स्वतःची घाई त्यात होती. वाफेत, उन्हात, तहानेल्या घशानं वाकलेला सलीम त्यात होता, आणि त्याचा हात जराही हलला नव्हता. आण्णांनी पाहिलेलं दृश्य खरंच होतं. सलीम सातव्या पायावर वाकला होता, तो त्यांचं कच्चं काम पक्कं करायला. एवढं सगळं त्या थेंबानं बावीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि ते ऐकणारा कान आत्ता कुठे जन्माला आला होता. आण्णांनी नकळत पाटाला हात लावून कपाळाला लावला. नंतर त्यांना वाटलं, नमस्कार नक्की कुणाला केला हे आपल्यालाच माहीत नाही.

"सलीम मोमीन," ते म्हणाले. "हुपरी. उद्या मी जातो. एकटाच जातो."

हुपरीची ती गल्ली चांदीची. दारादारांत पैंजणांच्या साखळ्या, घुंगरू, तारांची भेंडोळी. सलीमचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती, उंबऱ्यापासून दोन पायऱ्या खाली. तो खिडकीशी बसून पैंजणाच्या कड्यांना झाळ देत होता, म्हणजे चांदीचे सांधे बारीक ज्योतीनं जोडत होता. दाढी पांढरी झाली होती. मान तशीच डावीकडे कललेली.

"या आण्णा," तो म्हणाला. ज्योत बारीक केली, पण विझवली नाही. "बसा."

पाणी आलं. आण्णा ते प्यायले. काय बोलायचं ते त्यांनी सगळ्या वाटेत जुळवलं होतं, त्यातलं आता काही आठवेना. त्यांनी डबा उघडून बोर्ड समोर ठेवला.

सलीमनं तो ओळखला. त्याचा चेहरा आवळला. "ह्यो कशाला आणलासा?"

"सातवा सांधा माझा हुता. कच्चा मारला हुता मी. तू त्यो पक्का केलास."

"ते म्हाईत हाय मला. मीच केला न्हवं?" सलीम बोर्डाकडे न बघता म्हणाला. "पर पक्का कुठं झाला? पक्का झाला असता तर महादूचा हात गेला नसता. दर ईदला जातो मी त्याच्याकडं. त्याची ती चिकटलेली बोटं बघतो आन् परत येतो. त्यो कधी बोलला न्हाई मला. पर माझ्याच हातानं झालं ते. म्हणून तर सोल्डर सोडलं."

आण्णांना हे स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, सलीम रागावून गेला. तो तर स्वतःला गुन्हेगार समजून गेला होता. त्यांनी खिशातून मैथिलीनं छापून दिलेला कागद काढला, पण सलीमकडे दिला नाही. स्वतःच वाचला, एकेक शब्द सावकाश. हात स्थिर. कंप आढळत नाही. सांधा आजही पक्का आहे. मग चिपच्या आतली भेग, ती कुठून आली, ती कुणालाच का दिसली नसती.

सलीमनं ज्योत विझवली.

"आजही?" त्यानं विचारलं.

"आजही. तीनदा ऐकवला यंत्राला."

सलीमनं बोर्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरला. डोळ्याला भिंग लावून सातव्या पायाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. भिंगातून त्याला काही दिसण्यासारखं नव्हतं, आणि हे त्यालाही माहीत होतं. तरी बघत राहिला. मग बाहीनं डोळे पुसले.

"कळतंय काय सगळं त्या यंत्राला," तो म्हणाला. "अल्ला."

"सगळं कळतंय. माझा हात उजवीकडं कलतोय तेबी कळतंय." आण्णांनी कागदाची घडी घातली. "पर सलीम, तुला सगळं म्हाईत हुतं. माझा सांधा कच्चा हुता हे म्हाईत हुतं. त्या दिवशी मालकासमोर तेवढं तरी बोलायचं हुतंस. मी काय काय बोललो तुला. का गप बसलास?"

सलीमला प्रश्नाचंच नवल वाटल्यासारखं दिसलं.

"बोलाय तोंड उघडलं हुतं की," तो म्हणाला. "मग रिवाज आठवला. गिऱ्हाइकासमोर एकमेकाचं काढायचं न्हाई. तुम्हीच शिकवला हुतासा, आण्णा."

आण्णा खाली मान घालून बसले. रडू त्यांनी आवरलं नाही. सलीमनंही त्यांना आवरायला सांगितलं नाही.

"मी मोडला त्यो," ते म्हणाले.

"व्हय. मोडलासा." सलीमनं बोर्ड डब्यात ठेवला. "रोज्याचं बोललासा ते लई लागलं. खोटं कशाला सांगू."

"उद्या महादूकडं जातो. त्या मालकाकडं जातो, अजून हाय त्यो. ह्यो कागद घिऊन जातो आन् सगळ्यांसमोर वाचतो. रोज्याचंबी सांगतो, मी काय बोललो ते."

"महादूकडं दोघं जाऊ," सलीम म्हणाला.

त्यानं ज्योत पुन्हा पेटवली. काम पडलं होतं. आण्णांनी त्याला निगाची गोष्ट सांगितली, नवव्या थराची, पाटाची, त्याच्या हाताला मिळालेल्या आकड्याची. डोंगरातल्या दवाखान्यांत दोघांच्या हातांसारखं काम करणारा यांत्रिक हात जाणार, हे ऐकून सलीम हसला आणि सही कुठं करायची ते विचारलं. मग त्यानं एक पैंजण आणि दुसरी ज्योत आण्णांसमोर सरकवली. "बघा की मारून. कथलापेक्षा चांदी लई नखरे करती."

आण्णांनी कडी चिमट्यात धरली. हात किंचित उजवीकडे कलला. झाळ वितळली, पण ज्योत त्यांनी लवकर उचलली. सांधा वरून बरा दिसत होता. त्यांनी पैंजण खाली ठेवलं आणि चहाची कपबशी उचलली.

सलीम महादूच्या नातवाबद्दल काहीतरी सांगत होता. सांगता सांगता त्यानं ते पैंजण उचललं, ज्योतीखाली धरलं, क्षणभर थांबला आणि बाजूच्या तयार पैंजणांत ठेवून दिलं. बोलणं मध्ये तुटलंही नाही.

या वेळी आण्णांनी ते पाहिलं. ते काही बोलले नाहीत, चहा पीत राहिले.